टेकला नव्हता

एकचाकी सायकल चालवायला परवाना लागतो का, असं विचारत एक माणूस मंगळवारी सकाळी खिडकीशी आला. परीक्षकाने मान वर न करता नियमांचं पुस्तक उघडलं. पुस्तकात दोन चाकं होती, तीन होती, चार होती, सहा आणि त्याहून अधिक होती, एक नव्हतं. शून्यही नव्हतं, पण शून्य चाकांचे लोक परवाना मागायला येत नाहीत, ते चालत जातात. हे सगळं त्याने शांतपणे समजावून सांगितलं, तरी त्या माणसाचं समाधान झालं नाही. तो इस्पितळात आजारी मुलांना हसवण्याचं काम करी, आणि त्याचा चेहरा इतका दुर्मुखलेला होता की मुलं हसत असलीच तर ती बरी होत आली असावीत. काल चौकात एका पोलिसाने त्याला अडवलं होतं, म्हणून त्याला लेखी हवं होतं: लागत नाही, असं. लेखी द्यायचं तर चाचणी घ्यावी लागेल, हे वाक्य परीक्षकाच्या तोंडून निव्वळ सवयीने निघून गेलं. तो माणूस निमूट मागच्या मैदानात गेला. तिथे एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं चुन्याने आखलेली होती, त्यांना सगळे ‘आठ’ म्हणत. एकुलत्या चाकावरच्या गादीवर बसून त्याने तो आठ असा काढला, जशी कोणी चहातली साखर ढवळावी. मग परीक्षकाच्या पुढ्यात येऊन त्याने दोन्ही पायांवर उडी मारली. “टेकले,” परीक्षक म्हणाला. “थांबायचं तर टेकावंच लागतं ना साहेब,” तो माणूस म्हणाला, “हिच्यावर बसणारा प्रत्येक जण रोज नापास होऊनच खाली उतरतो.” जिना संपलेला असावा आणि पायाला ते ठाऊक नसावं, पायाने आणखी एक पायरी शोधावी आणि तिथे नुसतीच जमीन लागावी, तसा एक धक्का परीक्षकाला बसला. जमीन लागण्याचा धक्का. त्याने तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. ओळखपत्राची प्रत लागेल, एवढं म्हणाला. एकचाकी भिंतीला टेकवून तो माणूस प्रत काढून आणतो म्हणून फाटकाबाहेर गेला, आणि पुन्हा आला नाही.

कार्यालयात बेवारस वाहनांची एक वही होती. परीक्षकाने तीत नोंद केली. इंजिन क्रमांक: नाही. रंग: लाल. चाके या रकान्यात २/३/४ असं छापलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘लागू नसेल ते खोडावे’ अशी सूचना होती. त्याने सूचनेप्रमाणे तिन्ही खोडले. कार्यालयात त्याला मागे फुलीसाहेब म्हणत, आणि हे त्याला माहीत नाही असं त्यांना वाटे. दुचाकीच्या चाचणीत नियम एकच होता: आठ काढताना पाय टेकला की फुली. तो वर्तुळांच्या मधोमध उभा राहून स्वतःभोवती फिरत असे आणि पायांकडे बघत असे. सव्वीस वर्षांत त्याने या शहरातली माणसं पाहिली होती ती घोट्यापासून खाली. बाजारात एखाद्या बुटाकडे बघून त्याला आठवे, ही तीन वेळा आली होती. त्या बुटावर पुढे चेहरा असे, पण तो कुठलाही असला तरी चालण्यासारखा होता. प्रत्येक नापास माणूस एकच वाक्य बोले: साहेब, टेकला नव्हता. रडून, चिडून, आईची शपथ घेऊन, पण वाक्य तेच. कागदावर दोन छोट्या रेघा एकमेकींना छेद देत आणि पुढच्याचा नंबर लागे.

पहिल्या रविवारी तो मैदानात गेला तो घरी ‘आखणी तपासायची आहे’ असं सांगून. खोटं बोलण्याची गरज नव्हती, बायकोने विचारलंही नव्हतं; पण न विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची त्याला गेली काही वर्षं खोडच लागली होती. मैदान रिकामं होतं, फक्त झाडणारी मावशी एका कोपऱ्यात चुन्याची बादली ढवळत बसली होती. आठाच्या रेघा मारायचं कामही तिच्याकडेच होतं. एकचाकी उचलून त्याने कुंपणाच्या लोखंडी कठड्यापाशी नेली. गादी बेंबीपर्यंत येते, हे त्याने उभ्याउभ्या मोजून घेतलं. मोजता येण्यासारखं तेवढंच होतं. एका हाताने कठडा धरून त्याने खालच्या पायट्यावर, म्हणजे पेडलवर, पाय दिला आणि अंगातला सगळा जोर तिथे लावला, कारण वर चढायचं तर खालच्या पायावर जोर लावतात हे तो जन्मापासून शिकलेला होता. चाक अंगाखालून मागे सटकलं आणि दुसऱ्या पायट्याने नडगीवर असा टोला दिला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. बावन्न वर्षांचा माणूस कठड्याला लोंबकळत राहिला. पाय जमिनीवर होते, दोन्ही, पूर्ण, टाचांसकट. “टेकला,” कोपऱ्यातून मावशी म्हणाली. तिने ते त्याच्याच सुरात म्हटलं होतं, शेवटचा स्वर जरा आखडून. तिच्यादेखत त्याने हजारो वेळा म्हटलेला शब्द. त्याला वाटलं आपण हिला सांगावं, की हे सरकारी काम आहे. पण हे कुठलं सरकारी काम, ते त्याला सुचेना.

का शिकत होता, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. त्या दुर्मुखलेल्या माणसाचं वाक्य डोक्यात राहिलं होतं खरं, पण वाक्यं पुष्कळांची राहतात, म्हणून कोणी नडग्या फोडून घेत नाही. दुसऱ्या रविवारी कठडा धरून अर्धा फेरा, मग थांबून आणखी अर्धा, असं करत तो कुंपणाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेला, आणि त्याच्या लक्षात आलं की या चाकाला आणि पायट्यांना एकमेकांपासून सुटका नाही. साध्या सायकलवर पाय थांबवले तरी सायकल पुढे जात राहते. पापं केली तरी दिवस पुढे जातात तसं. इथे पाय थांबला की चाक थांबे आणि त्याचं उरलेलं शरीर मात्र न थांबता पुढे जाई. दोन्ही पायटे वरखाली सरळ रेषेत आले की एक मेलेली जागा येई, तिथे जोर लावायला काहीच नसे. त्या जागी तो दरवेळी खाली बघे. आणि खाली बघितलं की पडे. “खाली काय बघता साहेब, काही सांडलंय का?” मावशी विचारी. त्याचा घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबे, मांड्यांची आतली बाजू गादीला घासून सोलवटून निघालेली असे, आणि त्या मेलेल्या जागी, खाली बघताना, त्याला चुन्याची रेघ दिसे आणि रेघेच्या वर, चार बोटं वर, एक निळी चप्पल.

ती चप्पल अकरा वर्षांपूर्वीची होती आणि त्याच्या बायकोची होती. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करी. दवाखान्यांतून तोंडांचे ठसे यायचे, ती त्यांवरून कवळ्या बनवायची आणि मग बस बदलत बदलत त्या पोचवायलाही जायची. स्कूटर शिकते, तासभर वाचेल, असं तिने एके दिवशी ठरवलं, भावाची स्कूटर घेऊन महिनाभर घामाघूम झाली, आणि चाचणीचा दिवस आला तेव्हा दुसरा परीक्षक रजेवर होता. नात्यातल्या माणसाची चाचणी घेऊ नये असा नियम होता. परत पाठवायला हवं होतं. पण रांगेत चाळीस माणसं होती, त्यातल्या कोणाला तरी कोणी तरी ती त्याची बायको असल्याचं सांगितलं होतं, आणि रांगेच्या शेपटाकडून एक आवाज आला होता, “आता बघा, घरचा आठ कसा गोल असतो ते.” सगळे हसले होते. तीही हसली होती, हेल्मेटच्या आतून. मग ती निघाली. पहिलं वर्तुळ चांगलं काढलं. दुसऱ्याच्या वळणावर हँडल थरथरलं, उजवा पाय फळीवरून सुटला, खाली आला, आणि जमिनीच्या चार बोटं वर थांबला. चप्पल आणि रेघ यांच्यामध्ये ऊन दिसलं होतं. पातळ, पिवळं, सुरीच्या पात्यासारखं ऊन. पाय पुन्हा वर गेला. आठ पूर्ण झाला. रांग गप्प होती, आणि ती गप्प रांग त्याच्या हाताकडे बघत होती. त्याने फुली मारली. मारताना त्याला कसलंही दुःख झालं नव्हतं, ही गोष्ट तो आजवर स्वतःलाही सांगू शकला नव्हता. दुःख कसलं, अंगावरून मोरपीस फिरावं तसं झालं होतं. रांगेतून एक उसासा निघाला आणि कोणी तरी म्हणालं, बायकोलासुद्धा सोडलं नाही. तिने स्कूटर बंद केली, हेल्मेट काढलं आणि त्याच्याकडे बघितलं. ते नेहमीचं वाक्य ती बोलली नाही. सव्वीस वर्षांत न बोललेली ती एकटीच.

त्यानंतर मग त्याचं नाव झालं. नव्या माणसाला कामावर घेतलं की मोठे साहेब त्याला ती गोष्ट सांगत. गोष्टीत रांग चाळिसाची शंभराची झाली, बायकोला रडवण्यात आलं, आणि एका आवृत्तीत तर त्या दिवशी त्यांच्या लग्नाचा वाढदिवसही होता. त्याने कधी दुरुस्ती केली नाही. लोक त्याला भिऊ लागले आणि भिता भिता मानू लागले. त्याच्या रांगेत ओळख सांगायला कोणी येईना. आणि त्या एका फुलीनंतर त्याने खरोखरच एकही खोटी फुली मारली नाही की एकही खरी सोडली नाही. म्हणजे सगळा प्रामाणिकपणा खरा होता, फक्त ज्यावर तो उभा होता तेवढी एक वीट खोटी होती. तिसऱ्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. सचोटीसाठी म्हणून कार्यालय या वर्षी एक सन्मानचिन्ह देणार होतं, ते त्याला. पुढच्या महिन्यात, शनिवारी दुपारी, इथल्याच सभागृहात. “आणि वहिनींनासुद्धा आणायचं,” मोठे साहेब म्हणाले, “त्यांच्याशिवाय गोष्टीला मजा नाही. मी ती सांगताना त्या व्यासपीठावर हव्यात.” तो बरं म्हणाला. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने हे विसरलो आहोत.

तिला सांगायचं, शनिवारच्या आधी सांगायचं, एवढं त्याने ठरवलं. तिला शंभर माणसांपुढे खुर्चीवर बसवून तिच्या न टेकलेल्या पायाची गोष्ट हसत हसत सांगितली जाणार, आणि आपण शेजारी बसून नम्रपणे मान खाली घालणार, हे चित्र आलं की त्याच्या कानशिलांतून वाफ निघे. पण सांगायचं कसं? घरात बोलायला जागाच नव्हती असं नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मुलगी शिकायला गेल्यापासून तिची खोलीही रिकामी. ती संध्याकाळी येई, नखांतलं गुलाबी मेण आणि पांढरं प्लास्टर ब्रशने काढत बसे, आणि तो वर्तमानपत्राच्या मागे बसून वाक्यं जुळवी. ‘तुला आठवतं का’ असं सुरू केलं तर तिला आठवायला लागेल. ‘एक गंमत सांगू का’ म्हटलं तर ती गंमत नव्हती. एकदा त्याने सुरुवात केली, “अगं, त्या दिवशी,” आणि ती ब्रश थांबवून म्हणाली, “कुठल्या?” आयुष्यात किती दिवस झाले होते आणि तिने किती सहज, सगळेच्या सगळे, त्याच्यापुढे निवडायला मांडले होते. त्याने सांगितलं की त्या दिवशी आणलेला पाव बरा होता. दुसऱ्या दिवशी तिने तोच पाव आणला. नडग्या तिने पाहिल्या होत्या, हेही त्याला ठाऊक होतं. एका सकाळी पलंगाशेजारी मलमाची नळी ठेवलेली होती, झाकण सैल करून. काय लागलं, कसं लागलं, काही नाही. मलम लावताना त्याला असं वाटलं की त्याच्या घरात कोणी तरी फार सभ्य माणूस राहतो, आणि तो माणूस आपण नाही.

चौथ्या रविवारी त्याने कठडा सोडला. म्हणजे सोडला असं त्याला वाटलं. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे तो कठड्याला एका बोटाने धरून होता, आणि ते बोट पांढरं पडलं होतं. मग तेही सोडलं. एक पायटा, दीड, आणि धप्प. गादी जमिनीवर आपटे आणि तो चार पावलं धावत जाऊन थांबे, बसच्या मागे धावणाऱ्या माणसासारखा. एव्हाना त्याला एक गोष्ट उमगली होती, जी त्या दुर्मुखलेल्याने सांगितली नव्हती: वजन पायांवर ठेवायचं नाही. पायांनी सगळा भार उचलला की चाक बिथरतं. भार द्यायचा गादीवर, बूड टेकून, लाज सोडून, एखाद्याच्या घरी हक्काने बसावं तसं. पाय फक्त फिरवायचे. त्याला तसं बसता येईना. कुठल्याही गोष्टीवर पूर्ण भार टाकला की ती आपल्याला ओळखेल, अशी काहीतरी भीती त्याच्या पुठ्ठ्यांत भरून राहिली होती. लग्नानंतर पहिली काही वर्षं तो तिच्या खांद्यावर मान ठेवून झोपे. मग कधी तरी मान स्वतःच्या उशीवर गेली. कधी, ते त्याला सांगता येईना, आणि सांगता येत होतं.

पाचव्या रविवारी, म्हणजे समारंभाच्या आधीच्या, त्याला जमलं. कठड्यापासून आठाच्या सुरुवातीपर्यंत चार फेरे, मग पाचवा, सहावा. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तोंड उघडं, समोरच्या पाण्याच्या टाकीवर नजर खिळलेली. चाक रेघांच्या मधे शिरलं. वळणावर ते कलंडलं, उजवा पाय पायट्यावरून सुटला, खाली गेला, हवेत लटकला, कसा कोण जाणे परत पायट्यावर आला, आणि तो आणखी दीड फेरा पुढे जाऊन मग पडला. “टेकला,” मावशी म्हणाली. तो वळला. छाती भात्यासारखी चालत होती. “टेकला नव्हता,” तो म्हणाला. मावशी चुन्याच्या बादलीवरून न उठता म्हणाली की वळणावर टेकला, मी पाहिला. आणि मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की टाकीवरचे पक्षी उडाले. टेकला नव्हता, चार बोटं वर होता, मला कळत नाही का, माझा पाय आहे, तुम्ही तिकडे बसून काय बघणार, असं तो बोलत सुटला. आईची शपथही घेतली. हे सगळं त्याने सव्वीस वर्षं ऐकलेलं होतं, त्यामुळे एकही शब्द शोधावा लागला नाही. मावशीने ऐकून घेतलं. ती उठली, वळणापाशी गेली, वाकून रेघ बघितली. चुना सकाळचा होता, बोट लागलं तरी फिसकटला असता. “नाही टेकला,” ती म्हणाली. “रेघ शाबूत आहे. माझं चुकलं.” इतकं सोपं होतं ते. कोणी मेलं नाही. तिने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, “वहिनींचा तरी कुठे टेकला होता? त्या दिवशीसुद्धा रेघ शाबूतच होती. रेघ मी मारते साहेब, मला नाही कळणार?”

त्याने आडवी पडलेली एकचाकी उचलून उभी केली. मग तुम्ही बोलला का नाहीत, असं त्याने विचारलं, आणि विचारताना त्याला वाटलं की आपण अजूनही दुसऱ्याच कोणाला तरी नापास करू पाहतो आहोत. मावशी म्हणाली, मला कुठे कोणी परीक्षक केलं होतं.

सोमवार ते शुक्रवार हे पाच दिवस त्याने तिला सांगण्यात घालवले. सोमवारी ती उशिरा आली. मंगळवारी मुलीचा फोन आला. बुधवारी त्याने सांगायला तोंड उघडलं आणि शिंक आली. गुरुवारी ती एका म्हाताऱ्याची कवळी घरी घेऊन आली होती. वरचे दात खालच्यांशी जुळत नव्हते, ती दिव्याखाली धरून घासत होती, आणि त्या उघड्या दातांपुढे त्याला काही बोलवेना. शुक्रवारी त्याने इस्त्री केली, स्वतःच्या शर्टाला आणि तिच्या साडीलाही. ती दारात उभी राहून बघत होती. “एवढं काय आहे उद्या?” तिने विचारलं. तो म्हणाला, काही नाही, साहेबांना भाषण करायचंय. “तुम्ही बोलणार?” “दोन शब्द,” तो म्हणाला. ती म्हणाली, मग दोनच बोला, चांगले असतील ते.

सभागृहात शंभर खुर्च्या होत्या आणि भरल्या होत्या. गोष्ट आता खरी होण्यापुरती माणसं जमली होती. मोठ्या साहेबांनी ती सांगितली. त्यांनी हातवारे करून आठ काढून दाखवला, पाय टेकून दाखवला, हेल्मेटमधले अश्रू पुसून दाखवले. बायको खुर्चीत ताठ बसली होती, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर पाहुण्यांकडे बसताना असतं तसलं काहीतरी. तो तिच्या पावलांकडे बघत होता. तपकिरी बूट होते. हे तिने कधी घेतले? मग त्याच्या हातात काचेचं सन्मानचिन्ह आलं, ते थंड आणि निसरडं होतं, आणि तोंडासमोर माइक आला. लिहून आणलेला कागद खिशात होता. तो काढायला हात मोकळा नव्हता. समोर शंभर जण त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि ही त्यांची गप्प रांग होती, आणि त्याने सबंध भार, अकरा वर्षांचा, त्या एका वाक्यावर टाकला. “तिचा पाय टेकला नव्हता,” तो म्हणाला. “मी खोटी फुली मारली. लोक बघत होते म्हणून.” बोलून होताक्षणी त्याला कळलं की हे आधी जिला सांगायचं तिच्याआधी शंभर जणांना सांगून झालं आहे, आणि यालाही तोच स्पर्श आहे, मोरपिसाचा.

मग टाळ्या सुरू झाल्या. आधी एक, मग पाच, मग सगळे उभे राहिले. मोठे साहेब पुढे आले, त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्यांनी त्याचे खांदे धरले आणि माइकमध्ये सांगितलं की सचोटी सचोटी म्हणतात ती हीच, स्वतःची चूक भर सभेत कबूल करायला केवढं मन लागतं, सन्मानचिन्ह योग्य हातांत गेलं आहे. तो नाही, नाही म्हणत होता. त्यालाही टाळ्या पडल्या. खाली पडायला जमीनच नव्हती. शेवटी साहेबांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं आणि जाहीर केलं की झाला अन्याय आजच्या आज दूर होईल: वहिनींना दुचाकीचा परवाना, इथे, याच व्यासपीठावर, साहेबांच्या स्वतःच्या सहीने. कोणी तरी कोरा अर्ज आणायला धावलं. माइक तिच्यापुढे धरण्यात आला.

“नको,” ती म्हणाली. “माझ्याकडे आहे.” साहेब हसले, त्यांना वाटलं विनय आहे. “खरंच आहे,” ती म्हणाली, आणि पर्स उघडून तिने तो काढला, जरा कडा झिजलेला. “नऊ वर्षं झाली. शेजारच्या गावच्या कार्यालयात काढला. पहिल्याच चाचणीत.” सभागृहात कोणी तरी हसलं आणि मधेच थांबलं. मग शंभर माणसं हळूहळू, एकामागून एक, तिच्यावरून नजर काढून त्याच्याकडे बघू लागली. नऊ वर्षं. टाळी कोणी वाजवली नाही.

बाहेर आवारात लोक चहाचे पेले घेऊन घोळक्याने उभे होते आणि तो जवळून गेला की घोळके पेल्यांत बघत. ती फाटकाबाहेर, झाडाखाली, एका करड्या स्कूटरपाशी उभी होती. स्कूटर प्रयोगशाळेची होती, रात्री तिथेच ठेवायची, मालकिणीने कवळ्या पोचवायला दिलेली. हे तिने तो विचारण्याआधीच सांगितलं, अगदी पत्ता सांगावा तसं. तो म्हणाला की मला आधी तुलाच सांगायचं होतं. ती म्हणाली, “मला काय सांगणार होतात? पाय माझा होता.” ती हेल्मेटचा पट्टा बांधत होती. बोटं सराईत होती, बघावं लागत नव्हतं. दोन वर्षं वाट बघितली, ती म्हणाली, की आज बोलतील, उद्या बोलतील. चप्पल फेकून दिली, म्हटलं निदान विचारतील कुठे गेली. मग एका दवाखान्यातून फोन आला की पेशंट दातांवाचून बसलाय, तेव्हा म्हटलं आता आपलं आपण बघावं. तिच्या आवाजात राग असता तर त्याला कुठे तरी धरायला झालं असतं.

“नऊ वर्षं मला कळू दिलं नाहीस,” तो म्हणाला, आणि लगेच त्याला हे वाक्य परत गिळावंसं वाटलं.

“लपवलं कुठे? रोज साडेअकराला याच रस्त्याने जाते. या कुंपणाला लागून. सुरुवातीला हॉर्नसुद्धा वाजवायची.” तिने आरसा थोडा फिरवला. “तुम्ही मैदानातच असायचात. पण तुम्ही पाय बघत होतात.”

त्याने मान वर केली. हेल्मेटची काच खाली होती. काच वर कर, तो म्हणाला. तिने का म्हणून विचारलं. बघायचंय, तो म्हणाला. पन्नाशी उलटलेल्या माणसाने भर दुपारी रस्त्यात असं म्हणू नये, हे त्यालाही कळत होतं. तिने काच वर केली. डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या होत्या, डाव्या बाजूला जास्त. वाऱ्याच्या असतील, दिव्याखाली दात घासण्याच्या असतील. तिने त्याला बघू दिलं, पण ती स्वतः रस्त्याकडे बघत होती, गाड्या कधी थांबतात ते.

“बसायचं असेल तर बसा,” ती म्हणाली. “नाहीतर बस आहे पाच मिनिटांत.”

तो बसला. ते काचेचं सन्मानचिन्ह कुठे ठेवावं हे न कळल्याने त्याने ते पोटाशी धरलं. त्याच्या वजनाने गाडी एका बाजूला झुकली आणि त्याने सावरायला म्हणून अंग दुसरीकडे टाकलं.

“हलू नका,” ती म्हणाली. “तुम्ही काही करू नका. मला माझं जमतं.”

तिने काच खाली केली, आणि दोन्ही हात मोकळे नसलेला तो, तिच्या पाठीपासून चार बोटं अंतर ठेवून, श्वासदेखील बेताने घेत बसून राहिला.